छत्री, कुलूप आणि संगणक

लोणार तालुक्यातील बीबी येथून पाहिले असता ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो, आणि दूरदर्शनच्या फ्री डिशसाठी गच्चीवर बसवलेली छत्री त्याच्याकडेच तोंड करून असते. या छत्रीची केबल सेट टॉप बॉक्सऐवजी डीव्हीबी-एस२ ट्यूनर कार्डाला, म्हणजे उपग्रहाचे संकेत संगणकापर्यंत आणणाऱ्या कार्डाला जोडली, की ज्या वाहिन्यांना कुलूप नाही त्या थेट संगणकावर दिसतात आणि जशाच्या तशा साठवताही येतात.

सशुल्क एचडी वाहिनीचे तसे नाही. तिचे प्रसारण सांकेतिक कुलूप लावूनच खाली येते आणि त्याची किल्ली स्मार्ट कार्ड व त्याच्या जोडीचा बॉक्स यांच्याकडे राहते. हे कार्ड वाचणारे छोटे उपकरण, ज्याला कंडिशनल अ‍ॅक्सेस मॉड्यूल म्हणतात, संगणकाला जोडता आले, तर रिचार्ज भरलेल्या ग्राहकाला वेगळ्या बॉक्सची गरजच उरणार नाही. डीटीएच परवान्याच्या २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एका सेवेचा बॉक्स दुसऱ्या सेवेला चालावा अशी अपेक्षा ठेवली होती, दूरसंचार नियामक ट्रायनेही एप्रिल २०२० मध्ये तशीच शिफारस केली. तरी ग्राहकाच्या हाती कंपनीचा बंद डबाच येतो. त्या डब्याच्या एचडीएमआय जोडातून चित्र घ्यावे, तर तेथे एचडीसीपी हे नकलेविरुद्धचे संरक्षण आडवे येते, आणि डब्यातच केलेले रेकॉर्डिंग साधारणपणे त्याच डब्यावर चालत असल्याने तो जळाला की पैसे मोजून जपलेले सारे त्याच्याबरोबर जाते. हा ग्राहकावरचा अन्यायच म्हटला पाहिजे, कारण कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेले रेकॉर्डिंग प्रसारकाच्या हक्काचा भंग मानत नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-ए हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते, म्हणून चोरट्या कार्डांच्या वाटेला कोणी जाऊ नये.

कुलूप रीतसर उघडले, की खरी कारागिरी प्रवाहाला हात न लावता तो उतरवून घेण्यात असते. प्रसारण ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या, म्हणजे टीएसच्या रूपात येते. त्यात चित्र आणि आवाज १८८ बाइटांच्या पाकिटांत भरलेले असतात, आणि प्रत्येक पाकिटाची सुरुवात षोडशमान पद्धतीत ४७ लिहिल्या जाणाऱ्या एकाच खुणेने होते. हेच रेकॉर्डिंग एमपी४ फाइलीत साठवले, तर तिची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे भारनियमनात मध्येच लाइट गेली तर तासाभराचे रेकॉर्डिंग उघडतच नाही. टीएस फाइल मात्र तुटली तिथपर्यंत शाबूत राहते, कारण प्लेअरला पुढची खूण सापडली की तो तेथून वाचू लागतो. सेकंदाला ८ मेगाबिट वेगाच्या वाहिनीचा एक तास सुमारे ३.६ जीबी जागा घेतो, आणि फॅट३२ रचनेच्या जुन्या पेन ड्राइव्हवर एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा असल्याने नाटकाचे रेकॉर्डिंग सत्तर-एक मिनिटांनी थांबते.

मृगाच्या जोरदार सरींत केयू बँड या लहरीपट्ट्यातले उपग्रहाचे संकेत क्षीण होऊन चित्राचे चौकोन पडतात, त्याला छत्री मोठी घेऊन ती नेमकी बसवण्यापलीकडे फारसा उपाय नाही. विजेचे तसे नाही. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला, म्हणजे संकेत गोळा करून वाढवणाऱ्या भागाला, ट्यूनर कार्डच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवते आणि त्या व्होल्टेजवरूनच लहरींचे उभे की आडवे ध्रुवण घ्यायचे ते ठरते. म्हणून संगणक यूपीएसवर असला, की लाइट गेल्यावरही गच्चीवरची छत्री चालूच राहते.