चुलत घराचा धर्म

'धर्म कधी बदलत नाही' असे कुणी म्हणाले की आम्ही शनिशिंगणापूरचे नाव घेतो. तेथे एप्रिल २०१६ मध्ये स्त्रिया शनीच्या चौथऱ्यावर चढल्या आणि जुनी रूढी मोडली. दुसरा दाखला तर आमच्या भावकीतच आहे. त्याच नेवासे तालुक्यात, वडाळा बहिरोबाला, आमचे चुलत घर ख्रिस्ती आहे. पणजोबांचे भाऊ मिशनात गेले, तेव्हापासून.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. सुरुवातीची उपासना सायबाच्या वळणाची. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन आणले. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' काढला; त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पुढे १९७० साली नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले.

हे सारे आम्ही कौतुकाने सांगत होतो. चुलती म्हणाली, "बाळा, भजनं आमची झाली, चर्च आमचं झालं. पण गावाच्या डोळ्यात जात तीच राहिली, अन् कागदावर मात्र ती नाही!"

आम्ही गप्प झालो. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली मिळाल्या. १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती भावांना त्या आजही नाहीत. धर्माने चाल बदलली, भाषा बदलली. जातीने पाठ सोडली नाही.

बंधू-भगिनींनो, आपली वाट निराळी, पण रक्त एकच. त्यांच्या मागणीच्या अर्जावर पहिली सही आपली असावी.