कोणी कोणाला धरलंय?

मंडळी, या विकांताला थोडं हापिसातलं दळण दळतो. कंटाळा आला तर खुशाल दुसरी खिडकी उघडा :)

हिंजवडीत फेज दोनला आमची टीम टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्ससाठी वेबकिट जुळवते. हे ब्राउझर इंजिन केडीईच्या केएचटीएमएलमधून निघालं, आणि २००५ मध्ये ॲपलने ते खुला प्रकल्प म्हणून जाहीर केलं. त्यात पानावरचं प्रत्येक बटण ही सी-प्लस-प्लसमधली वस्तू. जावास्क्रिप्टला दिसतो तो तिचा मुखवटा, म्हणजे रॅपर. दोघांना जोडतं ते बाइंडिंग. बरंचसं बाइंडिंग आयडीएल फायलींवरून आपोआप तयार होतं. डोकं खातं ते हाताने लिहिलेलं.

गोची अशी, की दोन्हीकडचा हिशेब वेगळा. इकडे वस्तूला किती जणांनी धरलंय ते मोजतात; शून्य झालं की वस्तू गेली. तिकडे गार्बेज कलेक्टर येऊन झाडू मारतो. आयई ६ मध्ये हे हिशेब जुळायचे नाहीत. बटणाने फंक्शनला धरलंय, फंक्शनने बटणाला, आणि मेमरी अडकली ती अडकलीच!

उलटं झालं तर जास्त वाईट. परवा आमच्या नव्या भिडूचा पॅच आला. कोड आधी घटकाचा साधा पॉइंटर घेतो, मग आर्ग्युमेंटचा आकडा करायला स्क्रिप्टचं व्हॅल्यूऑफ बोलावतो, आणि परत येऊन तोच पॉइंटर वापरतो. आता व्हॅल्यूऑफ लिहिणार पानवाला. त्याने तिथेच घटक पानावरून काढला आणि दुसऱ्या कोणी तो धरलेला नसला, तर? हातात उरतो पाडलेल्या घराचा पत्ता.

"पण सर, सगळ्या टेस्ट पास आहेत की!"

शुक्रवारची संध्याकाळ, सोमवारी रिलीज, मॅनेजर खुर्चीमागे उभा. तरी ओके दिलं नाही. क्रोमियमने २०२० मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या गंभीर सुरक्षा-बग्जपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गोंधळाचे असतात, आणि त्यातले निम्मे असेच, सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरल्याचे. त्याला म्हटलं, घटक काढून टाकणारं व्हॅल्यूऑफ तूच लिही आणि ॲड्रेस सॅनिटायझर लावून चालव. पहिल्याच फटक्यात ब्राउझर उताणा! उपाय काय, तर आधी आकडा करायचा, मग घटक शोधायचा. दोन ओळींची अदलाबदल.

असो. सांगायचं इतकंच, की टेस्ट आपल्यासारखी सरळमार्गी माणसं लिहितात. या ओळीच्या मध्ये अनोळखी माणसाचा कोड घुसू शकतो का, आणि तेव्हा कोणी कोणाला धरलंय, हे विचारायला रिव्ह्यू असतो.