तांदळाचे दाणे आणि हवेतलं जहाज

विमानाला उर्दूत ‘हवाई जहाज’ म्हणतात. हा शब्द आम्ही वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिला असेल! पण खरं पाहता विमान हे जहाज नव्हेच. ते वेगाच्या जोरावर वर राहतं. जहाज म्हणजे जे जागच्या जागी तरंगतं, इंजिन बंद असलं तरी बुडत नाही. असं हवेत तरंगणारं खरोखरचं जहाज आमच्या घरात आलं ते गेल्या ईदनंतर. इंग्रजीत त्याला ब्लिंप म्हणतात.

मुलांच्या मामूंनी दोह्याहून येताना ते बॅगेत घडी करून आणलं. चंदेरी फॉइलची मीटरभर लांब पिशवी, तिच्या पोटाखाली चिकटवायची एक छोटी डबी, डबीला तीन इवलेसे पंखे, आणि दोन खुंट्यांचा रिमोट. गॅस तेवढा इथे भरायचा, कारण दाबाचा सिलिंडर विमानात आणू देत नाहीत.

गॅसची गोष्ट आधीच सांगून टाकतो. तो हेलियमच हवा. जत्रेत, उरुसात काही फुगेवाले हायड्रोजन भरतात. तो स्वस्त पडतो, पण एका ठिणगीने पेट घेतो. ज्याच्याकडून भरून घ्याल त्याच्या सिलिंडरवरचं नाव वाचल्याशिवाय पिशवी हातात देऊ नका. दुसरं, हेलियम तोंडाने ओढून बारीक आवाज काढायचा खेळ मुलांना करू देऊ नका. त्यात ऑक्सिजन नसतो, माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. आमच्या धाकट्याला हे दोनदा बजावावं लागलं.

आता वजनाचा हिशेब. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी तो मधल्या सुट्टीत डब्यावरच मांडून दिला. एक लीटर हेलियम साधारण एक ग्रॅम वजन उचलतो. आमची पिशवी भरून पंचाहत्तर लीटरची, म्हणजे उचल पंचाहत्तर ग्रॅम. त्यात पिशवीचं स्वतःचं वजन पस्तीस, डबीचं तीस. उरले दहा. तेवढं वजन कुठूनतरी लावलं नाही तर जहाज छताला जाऊन चिकटणार. पाण्यात जो नियम चालतो तोच हवेत चालतो. मराठीच्या पुस्तकात त्या शास्त्रज्ञाचं नाव आर्किमिडीज, उर्दूत अर्शमीदस. मुलांना ते दोन वेगळे इसम वाटतात, ही आमची जुनी तक्रार.

हे उरलेलं वजन बहुतेक लोक मातीच्या गोळीने भरतात. आम्ही तांदूळ घेतला. कागदाची पुडी करून डबीला चिकटवली आणि तिच्यात दाणे टाकत गेलो, जहाज हळूहळू खाली यायला लागेपर्यंत. तांदळाचे पन्नासेक दाणे म्हणजे एक ग्रॅम. फॉइल कितीही चांगली असली तरी हेलियम तिच्यातून, शिवणीतून, तोंडातून झिरपत राहतो. रोज साधारण अर्ध्या ग्रॅमची उचल कमी होते. मग रोज पंचवीस दाणे काढायचे की जहाज पुन्हा कालच्यासारखं तरंगतं. अशी पुडी रिकामी व्हायला वीसेक दिवस लागतात. नंतर ते पंख्यांच्या जोरावर थोडे दिवस ओढून नेता येतं.

हे दाणे काढायचं काम अब्बांकडे आहे.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. अल्लाहच्या कृपेने बोलणं परत आलं, काठी धरून चालणं आलं, पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता. तो चौथ्या दिवशी पलंगाखाली गेला. अब्बा तीस वर्षं बोटीवर सुकाणी होते. रिकामा चेंडू दाबत बसणं त्यांना हलकं वाटायचं. उलट पुडीतून पंचवीस दाणे मोजून काढणं हे काम आहे, त्यावर जहाजाचं उडणं अवलंबून आहे. पहिल्या दिवशी डाव्या हाताच्या चिमटीत एक दाणा यायला बराच वेळ गेला, निम्मे खाली सांडले. सांडलेला प्रत्येक दाणा त्यांनी उचलायला लावला. काढलेले दाणे फेकायचे नाहीत, खिडकीतल्या वाटीत चिमण्यांसाठी ठेवायचे, हाही त्यांचाच हुकूम.

उडवायची वेळ फजरच्या नमाजनंतरची. त्या वेळी गारवा असतो, म्हणून पंखा बंद ठेवला तरी अब्बांना तकलीफ होत नाही. छताचा पंखा हा ह्या जहाजाचा सर्वांत मोठा दुश्मन, आणि उघडी खिडकी दुसरा. बॅटरी दहा-बारा मिनिटं चालते, तेवढा वेळ पुरतो.

रिमोटची उजवी खुंटी पुढे-मागे आणि वळायला, डावी वर-खाली करायला. मुलांनी पहिल्या दिवसांत ते भिंतीवर आपटून आपटून हैराण केलं. खेळण्यातल्या मोटारीसारखं ते बटण सोडताच थांबत नाही. पिशवीतला गॅस आणि तिने ढकललेली हवा, सगळं मिळून पुढे सरकतच राहतं. अब्बा पलंगावरून बघत होते. न राहवून म्हणाले, ‘‘अरे, धक्का जवळ आल्यावर इंजिन बंद करतात काय? आधीच बंद करायचं, बोट आपली आपण लागते.’’ धाकट्याने रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. डावा अंगठा खुंटीवर चढवून दिला तोही त्यानेच. अंगठा हलायला लागणारा वेळ आणि जहाज वर चढायला लागणारा वेळ, दोन्ही सारखेच होते. ड्रोन असता तर तोवर दिवा फुटला असता.

पुढे अब्बांना हा कसला गॅस, कुठला, हे जाणून घ्यायचं होतं. आम्हीही वाचलं. हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला असं आपल्याकडे हौसेने सांगतात. तसं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी सूर्यप्रकाशातल्या एका पिवळ्या रेघेवरून नवं मूलद्रव्य ताडलं. विजयदुर्गला लॉकियर आले ते १८९८ च्या ग्रहणाला. पृथ्वीवर हा वायू १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना खनिजात सापडला. जमिनीखाली तो लाखो वर्षांत तयार होतो आणि नैसर्गिक वायूबरोबर वर येतो. कतारमध्ये रास लफान इथे तो वेगळा काढतात. मामू त्या रस्त्याने कितीदा गेले आहेत, त्यांना पत्ताही नव्हता. एकदा हवेत सुटला की तो वर वर जात शेवटी पृथ्वी सोडून जातो. आणि एमआरआय यंत्रातलं चुंबक थंड ठेवायला हाच वायू लागतो, द्रवरूपात, उणे २६९ अंशांवर.

हे ऐकून अब्बा गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘कोल्हापूरला माझ्या डोक्याचा फोटो काढला तो ज्याच्यावर, तोच तुम्ही फुग्यात भरता? हा इस्राफ आहे.’’

घरात ह्यावर बरेच दिवस बोलणं चाललं. एकदा गॅस भरायला किलोभर मटणाचे पैसे जातात, तेव्हा प्रश्न नुसता तत्त्वाचा नव्हता. थोरलीचं म्हणणं, वाढदिवसाला फुग्यांचे झुबके सोडतात तो इस्राफ, औषधासारखा वापरला तर नाही. अब्बांना ते पूर्ण पटलं नाही. ठरलं एवढंच की महिन्यातून एकदाच भरायचं आणि एक थेंबही वाया घालवायचा नाही.

म्हणून जपणूक वाढली. पिशवी कधी तट्ट भरत नाही, कारण उन्हाची तिरीप पडली तरी आतला गॅस फुगतो आणि शिवण उसवते. एसीच्या खोलीत ती सुरकुतली म्हणून घाईने गॅस भरायचा नाही, ऊब आली की आपोआप भरते. डबी काढण्याआधी पिशवीला दोरा बांधून घ्यायचा, नाहीतर हलकी होऊन थेट पंख्यात. बॅटरी कुणीतरी जागं असतानाच चार्ज करायची. अंगणात न्यायचं नाही. चंदेरी फॉइल विजेच्या तारांना लागली तर जाळ होतो. पावसाळ्यात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे उचल थोडी घटते. तेव्हा पुडीत दाणे मुळातच कमी टाकायचे.

सध्या पुडीत साठ दाणे उरलेत. अब्बा आता पंचवीस दाणे चहा निवायच्या आत काढतात. कालपासून त्यांनी रोज वीसच काढायला घेतलेत. जहाज थोडं जड होऊन खाली खाली चालतं, तरी हट्ट तोच. गॅसवाल्याकडे परवा जायचं की महिना भरू द्यायचा, ह्यावर अजून एकमत झालेलं नाही.