काजव्यांचं झाड आणि भिजलेला तक्ता

बालदोस्तांनो, तुमची सध्या कुणाशी कट्टी आहे का? असेल तर किती दिवसांची? दोन? चार? माझ्या दोन मैत्रिणींची कट्टी चांगली पंधरा वर्षांची होती. आणि ती माझ्यामुळे होती, हे त्या दोघींनाही ठाऊक नव्हतं! ते ठाऊक झालं भंडारदऱ्याला, काजव्यांनी भरलेल्या एका झाडाखाली. म्हणून भंडारदऱ्याची सहल सांगताना ही गोष्टही सांगायलाच हवी.

२००९ साली आम्ही चौघी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वसतिगृहात खोली एकच. टोपणनावंही वर्गातलीच. जिचे हात सदा रंगांनी माखलेले ती खडू, मैदान दणाणून सोडणारी ती शिट्टी, उंच नि सरळ ती पट्टी, आणि मी सगळ्यांत किरकोळ, म्हणून टाचणी. वार्षिक पाठाच्या परीक्षेसाठी खडूने तीन रात्री जागून फुलपाखराच्या जीवनचक्राचा तक्ता रंगवला होता. काय सुंदर होता! सराव पाठासाठी मी तो तिला न विचारता नेला. येताना वळवाच्या पावसाने गाठलं. रंग ओघळले. मी घाबरले, गुंडाळी पुसली आणि गुपचूप जागेवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर खडूने तक्ता उलगडला, तर फुलपाखराच्या जागी निळा-जांभळा चिखल. आदल्या संध्याकाळी ती गुंडाळी हाताळताना तिने शिट्टीला पाहिलं होतं. झालं! दोघींचं बोलणं तुटलं. आणि मी? मी गप्प बसले.

तर २०२४च्या मे महिन्यात पट्टीचा फोन आला. ती आता अकोले तालुक्यातल्या एका डोंगराळ वाडीत शिक्षिका आहे. "जूनच्या पहिल्या शनिवारी या. काजवे ऐन भरात असतील. खडू येतेय, शिट्टीही येतेय. मी दोघींना एकमेकींचं सांगितलेलं नाही!" अशी ही पट्टी.

मी आणि शिट्टी घोटीला भेटलो. मुंबई-नाशिक रस्त्यावरच्या या गावातून भंडारदऱ्याचा फाटा फुटतो. भातखाचरं तेव्हा रिकामी होती. कुठे कुठे राब भाजल्याचे काळे चौकोन दिसत होते. पाला, शेण, गवत पसरून जमीन भाजतात आणि पाऊस पडला की तिथे भाताचं रोप टाकतात, त्याला राब म्हणतात. बारी गाव आलं आणि समोर कळसूबाई उभी राहिली. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर! वर देवीचं छोटंसं देऊळ आहे आणि अवघड जागी चढायला लोखंडी शिड्या आहेत.

या शिखराची एक गोष्ट सांगतात. कळसू नावाची एक मुलगी एका घरी कामाला राहिली. तिची अट होती, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. बाकी काय हवं ते सांगा. एक दिवस घरच्यांनी नेमकी तीच कामं सांगितली. कळसू रुसली, डोंगरावर निघून गेली आणि खाली आलीच नाही. मी ती गोष्ट शिट्टीला सांगितली. ती खिडकीतून बघत म्हणाली, "कुणी समजूत काढायला गेलं नसेल गं." मला पुढे बोलवेना.

धरणाजवळचं गाव म्हणजे शेंडी. तिथे पट्टीच्या शेजारी खडू उभी! दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघी एकदम पट्टीशीच बोलायला लागल्या. सगळी दुपार असंच चाललं. "पट्टी, तिला पाणी हवंय का विचार." तुम्ही करता ना, अगदी तस्संच! आणि या दोघी रोज पोरांची भांडणं सोडवणाऱ्या बाई.

भंडारदऱ्याचं धरण पाहिलंत का? प्रवरा नदीवरचं हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झालं. ऐंशी मीटरांहून उंच आहे. प्रवरा उगम पावते रतनगडावर आणि पुढे गोदावरीला मिळते. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे याच नदीच्या काठचं. रंधा धबधब्याचं मात्र विचारू नका, आम्ही गेलो तेव्हा नदीला पाणीच सोडलेलं नव्हतं. तो पाहायचा पावसाळ्यात.

रात्री नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा खाऊन आम्ही निघालो. पट्टीने टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला होता. "पांढरा उजेड पडला की काजव्यांना एकमेकांची खूण दिसत नाही," ती म्हणाली. झाडीत शिरल्यावर तिने तोही विझवला. आधी काहीच दिसेना. मग एक ठिणगी, दोन, दहा... आणि समोरचं अख्खं झाड लखलखलं! पुन्हा काळोख. पुन्हा सगळं झाड एकदम! जणू झाडच श्वास घेत होतं.

काजवा ही माशी नव्हे बरं का, तो भुंग्यांच्या जातीतला किडा. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की प्रकाश पडतो, पण उष्णता जवळजवळ नाहीच. असे लुकलुकून नर मादीला बोलावतात. अंडी, अळी, कोष आणि काजवा अशा याच्याही फुलपाखरासारख्या चार अवस्था. अळी गोगलगाई खाऊन वाढते. काजव्याचं उडणं-चमकणं मात्र थोड्याच दिवसांचं. जोराचा पाऊस लागला की खेळ आटोपला.

पट्टी हे सांगत होती आणि 'चार अवस्था' म्हटल्याबरोबर आम्ही चौघीही गप्प झालो. सगळ्यांना तोच तक्ता आठवला असणार. कुणाचाच चेहरा कुणाला दिसत नव्हता. म्हणूनच मला धीर आला असेल, खरं सांगते. मी म्हणाले, "खडू, तो तक्ता शिट्टीने नाही, मी भिजवला होता."

झाड दोनदा पेटलं, दोनदा विझलं. मग खडूचा आवाज आला, "पंधरा वर्षं? तू तिच्या लग्नाला गेलीस. मी नाही गेले." बस्, एवढंच. शिट्टी कधी नव्हे ती हळू बोलली, "आणि मी समजत होते, माझ्याच हातून कधीतरी पाणी सांडलं असेल." या बोलण्याने मला रडू फुटलं. कुणी समजूत काढली नाही. का काढावी?

सकाळी जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला, रतनवाडीला गेलो. तिथे अमृतेश्वराचं प्राचीन शिवमंदिर आहे. बाहेरच्या भिंती, आतले खांब, छत, सगळीकडे कोरीव काम! जवळच देवकोष्ठांची चौकोनी पुष्करणी आहे आणि मागे रतनगड. त्याच्या माथ्यावरच्या कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. सुईलाही नेढं असतंच की! खडू आणि शिट्टी पुढे चालल्या होत्या. आधी हातभर अंतर ठेवून, मग बोलत, मग एकाच द्रोणातली करवंदं खात. मी आणि पट्टी मागे. माझ्याशी खडू बोलली नाही.

शेंडीला एस.टी.त चढताना तिने माझ्या हातात एक गुंडाळी कोंबली. उलगडली, तर कोरा ड्रॉइंग पेपर! "तक्ता देणं लागतेस. काजव्याचं जीवनचक्र. रंगीत हवा."

माझी चित्रकला म्हणजे काय सांगू! पंधरा दिवस खपून तक्ता पाठवला. तो लाल पेनाची खूण होऊन परत आला. "किड्याच्या अळीला पाय सहा. तू आठ काढलेस. पुन्हा काढ." मी पुन्हा काढला. पाय तीनदा मोजले. पोस्टात टाकायला निघाले, तर आभाळ भरून आलेलं. मागे फिरले आणि गुंडाळीवर प्लास्टिकच्या दोन पिशव्या चढवल्या.