मोटारीचें घर

गेल्या आश्विनांत आमच्या पदरीं अचानक एक मोटार पडली. ती आम्हीं विकत घ्यावयास निघालों नव्हतों, कोणाकडे मागितली नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर असली कांहीं वस्तु आपली व्हावी अशी इच्छाहि आमच्या मनांत कधीं डोकावली नव्हती. आमचें वय सत्तर; डाव्या गुडघ्याच्या जागीं शस्त्रवैद्यांनीं बसविलेली धातूची बिजागरी; आणि मोटार म्हणाल तर दोनच माणसांची, गर्द हिरवी, आमच्या छातीपर्यंतहि न पोंचणारी, कापडी छत मागें लोटून वर उघडें आकाश घेऊन धांवणारी. अशा वाहनांत माणूस बसत नाहीं, विहिरींत उतरावें तसा उतरतो. उतरणें एक वेळ जमतें. वर येण्याचा प्रश्न निराळा.

ही मोटार आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांची. लंडनच्या वायव्येस हॅरोच्या बाजूला आम्हीं १९८१ सालीं बिऱ्हाड केलें, त्या दिवसापासून ते आमचे शेजारी. बर्फावर मोटार कशी हांकावी हें त्यांनींच आम्हांस शिकविलें, आणि भाद्रपद आला कीं मोदकांची चौकशी करणारा आमच्या रस्त्यावरचा पहिला इंग्रजहि तेच. वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं मुलीनें त्यांची व्यवस्था एका वृद्धनिवासांत केली. निघण्याच्या आदल्या दिवशीं ते काठी टेकीत आमच्याकडे आले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "कागदोपत्रीं किंमत एक पौंड. अट एकच. तिला पावसांत उभी करूं नका."

लंडनच्या माणसानें ही अट घालावी याचें आम्हांस हंसूं आलें. येथला पाऊस मोजला तर पुण्याच्या पावसापेक्षां थोडा कमीच भरतो. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आपलें काम उरकून मोकळा होतो, आणि येथला हजेरीपटावर सही केल्यासारखा बाराहि महिने येऊन जातो. तरी आम्हीं अट मान्य केली. आमच्या घराला मोटारखाना आहे, मग अडचण ती कोणती? सौभाग्यवती मात्र कांहीं बोलल्या नाहींत. चव्वेचाळीस वर्षांत त्या मोटारखान्यांत एकदांहि मोटार गेली नव्हती, हें त्यांच्या ध्यानांत होतें.

आमच्या बाजूचीं हीं घरें दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतलीं. त्या वीस वर्षांत ब्रिटनमध्यें सुमारें चाळीस लाख नवीं घरें उभीं राहिलीं, आणि मेट्रोपॉलिटन रेल्वेनें तर आपल्या रुळांलगतच्या या सगळ्या मुलखाला 'मेट्रोलँड' असें नांव देऊन त्याची जाहिरात केली. दोन घरांची एक जोडी, मध्यें एकच सामाईक भिंत, आणि जोडीच्या दोन्ही टोंकांना एकेक मोटारखाना, अशी पुष्कळांची रचना. बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मोटार होती ती बेबी ऑस्टिनसारखी. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं १९२२ सालीं काढलेली ही चिमुकली मोटार रुंदीला चार फुटांच्या आंत होती. तिला सव्वासात फूट रुंदीची खोली म्हणजे दिवाणखानाच. पुढें भिंती होत्या तेथेंच राहिल्या आणि मोटारी फुगत गेल्या. पोर्शे ९११ ही मोटार १९६४ सालीं १६१ सेंटिमीटर रुंद होती. तिची आजची पणती १८५ सेंटिमीटर आहे. त्या मानानें आमच्या पदरीं आलेली कन्या सडपातळच. हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं जगापुढें आणलेल्या एम.एक्स.-५ या घराण्यांतली ती. जन्म जपानी, पण चेहरामोहरा जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारींचा. रुंदी साडेपांच फूट. सव्वासातांतून साडेपांच गेले, पावणेदोन उरले. हें गणित आम्हीं सौभाग्यवतींना कागदावर मांडून दाखविलें. त्यांनीं कागद परत दिला आणि विचारलें, "अहो, पण तुम्ही उतरणार कोठून?"

प्रथम जागा मोकळी करणें आलें. पुण्याहून बरोबर आणलेली, पाठीवर पांढऱ्या रंगानें नांव घातलेली पत्र्याची ट्रंक. मुलाची लहानपणची पलंगडी. गणपतीचीं अकरा मखरें. फराळाचे रिकामे डबे. कोणत्या यंत्राचे तें आतां कोणालाच ठाऊक नाहीं असे भाग. प्रत्येक वस्तु बाहेर येतांना "हें असूं द्या" असें कोणी तरी म्हणे, आणि तें कोणी तरी म्हणजे बहुधा आम्हीच. अखेर ट्रंक माळ्यावर गेली, पलंगडी धर्मादाय दुकानांत गेली, आणि अकरांपैकीं तीन मखरें राहिलीं. या कामास दोन आठवडे लागले. तोंवर मोटार अंगणांत कापडाखालीं उभी, आणि पाऊस आपला नेमानें येतच होता. शेजारचें घर रिकामें होतें, तरी त्याच्या खिडक्यांकडे पाहण्याचें आम्ही टाळूं लागलों.

पहिल्या दिवशीं मोटारीचे दोन्ही आरसे कानांसारखे मिटून तिला तोंडानें सरळ आंत घातली. चौकटींतून जातांना दोन्ही अंगांस सात सात इंच जागा; श्वास रोखून गेलों, पण गेलों. इंजिन बंद केलें आणि विजयी मुद्रेनें दार उघडलें. तें दहा इंच उघडून भिंतीला टेकलें. येथें एक गोष्ट आमच्या प्रथमच ध्यानांत आली. मोटार लहान म्हणून तिचें दारहि लहान असेल अशी आपली समजूत असते. परंतु चार दारांच्या मोटारींत एका बाजूची जी लांबी दोन दारें वांटून घेतात, ती येथें एकट्या दाराला भरून काढावी लागते. लांब दार थोड्याशा कोनांत उघडलें कीं त्याचें टोंक भिंतीला भिडतें, आणि बिजागरीकडची फट तशीच चिंचोळी राहते. शिवाय बैठक इतकी खालीं कीं आधीं पाय दूरवर बाहेर टाकल्याशिवाय उठतांच येत नाहीं. त्या फटींतून आमचा फक्त हात बाहेर येत होता. तो आम्हीं बाहेर काढला आणि हलविला. सौभाग्यवतींनीं तो पाहिला आणि त्या चहा करावयास निघून गेल्या.

रविवारीं चिरंजीव आले. त्यांनीं मोटार डाव्या भिंतीला चार बोटांवर नेऊन उभी केली, कापडी छत मागें लोटलें, बैठकीवर उभे राहिले आणि मागच्या बाजूनें उडी मारून खालीं आले. या युक्तीनें डाव्या भिंतींतलें स्वयंपाकघराचें दार पार अडलें, पण मोटार आंत आणि माणूस बाहेर हें साधलें खरें. मग आमची पाळी. चाळीस वर्षांच्या माणसाला जें साधतें तें सत्तराव्या वर्षीं कां साधूं नये, असा विचार मनांत येण्यास माणूस सत्तर वर्षांचाच असावा लागतो. एक पाय बैठकीवर, दुसरा सुकाणूच्या चाकांत अडकलेला, आणि गुडघ्याची बिजागरी वांकेल तेवढी वांकून थांबलेली, अशा स्थितींत आम्ही कांहीं काळ होतों. "अहो, अग्निशामक दलाला बोलवूं का?" हा प्रश्न थट्टेचा होता कीं काळजीचा, तें अजून कळलेलें नाहीं. चाकांखालीं घालावयाच्या फिरत्या पाटांची एक कल्पना चिरंजीवांनीं सांगितली; म्हणजे मोटार आंत ढकलावयाची आणि मग पाटांसकट भिंतीकडे सरकवावयाची. ती ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि मागाहून यांनाहि पाटावर घालून आंत आणूं."

मग ते गृहस्थ इतकीं वर्षें काय करीत होते? हा प्रश्न आम्हांस पहिल्या दिवशींच पडावयास हवा होता. त्यांचा मोटारखाना म्हणजे आमच्याच मोटारखान्याचें आरशांतलें प्रतिबिंब. रुंदी तीच, विटा त्याच. शरीरानें ते आमच्याहून चार बोटें रुंद. आणि तरीहि १९९२ सालीं ही मोटार आल्यापासून ती रोज आंत जात असे. आम्हांस चांगलें स्मरतें, संध्याकाळीं साडेपांचच्या सुमारास भिंतीपलीकडून दोनदां भोंगा ऐकूं येई, पों पों, आणि थोड्या वेळानें मोटारखान्याचें दार खालीं येई. आमच्या घरीं त्या आवाजावर दिवे लागत. हा भोंगा म्हणजे म्हातारपणींचा खेळकरपणा, अशी आमची समजूत होती. त्यांची पत्नी २०११ च्या हिवाळ्यांत वारली. त्यानंतर भोंगा ऐकूं आला नाहीं, आणि मोटार बाहेर कापडाखालीं उभी राहूं लागली. दुःखानें माणूस आळशी होतो, असें आम्हीं त्या वेळीं आपसांत म्हटलें होतें.

उत्तर मिळालें तें कार्तिकांत, त्यांच्या मुलीला घर आवरण्यास मदत करावयास गेलों तेव्हां. मोटारखान्याच्या तुळईला दोरीनें टांगलेला एक टेनिसचा चेंडू होता. तो पुढच्या कांचेला टेकला कीं थांबावयाचें, ही खूण उघडच होती. परंतु त्या ठरावीक जागींच कां थांबावयाचें? उजव्या भिंतींत स्वयंपाकघराचें दार होतें. त्याच्या चौकटीच्या कडेला, मांडीच्या उंचीवर, जुन्या गालिचाची एक पट्टी ठोकलेली होती. ती मध्यभागीं पार झिजली होती, आणि झिजलेल्या जागीं गर्द हिरव्या रंगाचे कण बसलेले होते.

मोटार नेमक्या जागीं थांबली, आणि स्वयंपाकघराचें दार आंतल्या बाजूस उघडलें, म्हणजे त्या मोकळ्या चौकटींत मोटारीचें लांब दार निम्मेंअधिक शिरे. भिंत जेथें नाहीं तेथें दार उघडावयाचें, एवढीच युक्ति. पण त्या दाराला मोटारखान्याच्या बाजूनें मूठ नव्हती, कुलूप नव्हतें. होती ती आंतली कडी.

सदाशिव पेठेंतल्या आमच्या वाड्यांत आजोबा दिंडींतून आंत आले कीं एकदां खाकरत. तें खाकरणें खोकल्याचें नव्हे हें आम्हां मुलांनाहि ठाऊक होतें. आजी हातांतलें काम टाकून उठे आणि माजघराची कडी काढी. हें लहानपणीं रोज पाहिलेलें. आणि भिंतीपलीकडचा भोंगा एकोणीस वर्षें ऐकूनहि त्याचा अर्थ आमच्या डोक्यांत आला नाहीं. घरीं येऊन सौभाग्यवतींना सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "पुढच्या दारानें आंत जाऊन त्यांना स्वतःला कडी काढतां आली असती कीं." आली असती, यांत शंका नाहीं.

आमचें घर जोडीचें दुसरें अंग असल्यामुळें सर्व कांहीं उलटें करणें भाग होतें. त्यांचें स्वयंपाकघर मोटारखान्याच्या उजवीकडे, आमचें डावीकडे. मोटार हांकणारा मात्र या देशांत आपल्याकडच्याप्रमाणें उजवीकडेच बसतो. तेव्हां मोटार पाठीनें आंत न्यावयाची, बाहेरच्या भिंतीला चिकटून. मागच्या चाकांना अडविण्यासाठीं जमिनीवर एक लांकडी फळी ठोकली. ती तीन वेळां उखडून पुन्हां ठोकावी लागली, कारण दोन बोटें पुढें गेलें तरी दार चौकटीवर आपटतें. स्वयंपाकघराची जमीन मोटारखान्याहून चार इंच उंच आहे. सांडलेलें पेट्रोल घरांत जाऊं नये म्हणून असा उंचवटा ठेवतात. मोटारीच्या दाराची खालची कड त्यावरून निसटती जाते. चौकटीला सतरंजीची पट्टी ठोकली. सौभाग्यवतींनीं एकच नियम घातला: आधीं इंजिन बंद, मग भोंगा, मग कडी, कारण इंजिनांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाहीं आणि स्वयंपाकघरांत त्याला बोलावणें धाडण्याची त्यांची इच्छा नव्हती.

मार्गशीर्षाच्या आरंभीं एका संध्याकाळीं प्रथमच सर्व बरोबर जुळलें. फळीला चाक टेकलें, इंजिन थांबलें, पों पों झालें, आंत कडी वाजली. उजेड मोटारींत आला आणि पाठोपाठ फोडणीचा वास. आम्हीं दार उघडलें, पाय लांब बाहेर टाकले, चौकट धरून उठलों. "हळू," एवढेंच त्या म्हणाल्या. तेव्हांपासून हें रोज चालूं आहे. खरें म्हणजे आम्हांस दररोज मोटारीनें जाण्यासारखें कांहीं काम नसतें. वाचनालय पायीं दहा मिनिटांवर आहे.

सध्यां सौभाग्यवती भाचीच्या लग्नासाठीं तीन आठवडे पुण्यास गेल्या आहेत. पहिल्या संध्याकाळीं आम्ही पुढच्या दारानें आंत गेलों, स्वयंपाकघराची कडी काढली, पुन्हां बाहेर येऊन मोटार आंत घातली आणि व्यवस्थित उतरलों. युक्तींत कोठेंहि चूक झाली नाहीं. दिवा लावण्याचें तेवढें राहून गेलें होतें, त्यामुळें चौकट हातानें चांचपावी लागली. दुसऱ्या दिवसापासून मोटार अंगणांतच ठेवली आहे आणि तिच्यावर कापड घातलें आहे.

रविवारीं वृद्धनिवासांत गेलों तेव्हां त्यांनीं नेहमींप्रमाणें विचारलें, "ती आंत असते ना?"

आम्हीं खरें तें सांगितलें. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर पाऊस होताच.

"त्या परत कधीं येणार?" त्यांनीं विचारलें.

"एकवीस तारखेला."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.