आपल्या टीमचं नाव काय ठेवायचं?

मागच्या महिन्यात आमच्या पोरांनी टीमसाठी टी-शर्ट छापून आणले. पाठीवर ठळक 'रॉयल टायगर्स'. आमची शाळा शेगाव तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. मी सहज विचारलं, "गावाचं नाव का नाही टाकलं रे?" सातवीतला एक जण म्हणाला, "सर, आपल्या गावात हाये काय?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही, हे मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी इतिहासाचा तास फुटबॉलवर घेतला. काही वर्षांपूर्वी लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो, तेव्हा शाहू स्टेडियमवर एक मॅच पाहिली होती. संघांची नावं तेव्हाच डोक्यात बसली होती: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, संध्यामठ तरुण मंडळ. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. लाल मातीतल्या त्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ काढले. संध्यामठ ही रंकाळ्यातली जुनी दगडी वास्तू, तळ्याचं पाणी उतरलं की उघडी पडते. म्हणजे पेठेतली पोरं आपलं दैवत, आपलं तळं नावात घेऊनच मैदानात उतरतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, हे सांगितल्यावर मागचा बाकसुद्धा जागा झाला.

मग नकाशावर बल्गेरिया दाखवला. पेर्निक हे कोळशाच्या खाणींचं शहर, त्याच्या संघाचं नाव 'मिन्योर', म्हणजे खाणकामगार. डॅन्यूबकाठच्या रुसे शहराचा संघ 'दुनाव', म्हणजे नदीचंच नाव. स्तारा झागोराच्या संघाने शहराचं प्राचीन नाव 'बेरोए' जपलंय. व्रात्साच्या संघाला ख्रिस्तो बोतेव या क्रांतिकारक कवीचं नाव आहे. तुर्की सत्तेविरुद्ध लढताना १८७६ मध्ये तो त्याच भागात पडला. यातले संघ कधी खालच्या लीगमध्येही घसरले.

"आता तुम्ही नाव सुचवा."

अर्ध्या वर्गाने 'जिजाऊ' लिहिलं. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातलं, साहजिक आहे. खामगावला मामाकडे जाणाऱ्या एका मुलीने 'कापूस' लिहिलं. मग तिकडे वळलो. अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा गेला तो या कापसासाठीच. जलंब पोरांच्या रोजच्या ऐकण्यातलं, पण तिथून फाटा का फुटला हे एकालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी त्या "हाये काय"वाल्याची चिठ्ठी उघडली. 'खारपाण'. वर्ग खो खो हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

तो उभा राहिला. "हसा. आमच्या हिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. पिकालेही चालत नाही ते. पाऊस गेला की शेत गेलं. काका त्याच्यापायीच पुण्याले गेला."

वर्ग चिडीचूप. माझ्या टेबलावर शेगावहून आणलेली पाण्याची बाटली होती. अकरा वर्षं मी ती रोज आणतोय, आणि खारपाणपट्ट्यावर एकही तास घेतला नव्हता.

नवे टी-शर्ट परवडणारे नव्हतेच. त्याने आपल्या टी-शर्टवर 'रॉयल टायगर्स'च्या खाली स्केचपेनने 'खारपाण' लिहिलं. पहिल्या धुण्यात गेलं. सोमवारी पुन्हा लिहून आला.