यलोस्टोनचा हिवाळा : अंतर राखून केलेली जीवदया

अमेरिकेत मुलांकडे गेलेली जैन कुटुंबे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहतात ती बहुधा उन्हाळ्यात. त्या दिवसांत सर्व रस्ते खुले असतात आणि उष्ण पाण्याच्या कारंज्यांभोवती जत्रेसारखी गर्दी लोटते. हिवाळ्यात मात्र सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश जवळजवळ मिटून जातो. आतील बहुतेक रस्ते साध्या मोटारींना बंद होतात. ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध कारंज्याकडे जायचे तर हिमावर चालणारी खास वाहनेच लागतात. मोटारीसाठी बारमाही खुला राहतो तो एकच रस्ता, उत्तरेच्या गार्डिनर गावापासून ईशान्येच्या कुक सिटीपर्यंतचा. पुढची वाट हिमाने अडलेली असल्यामुळे आल्या मार्गानेच परतावे लागते. जाऊन-येऊन सुमारे १८० किलोमीटरचा हा प्रवास जीवदयेचा वारसा सांगणाऱ्यांनी एकदा तरी करावा असा आहे. दया कोणत्या रीतीने करावी, याचा एक अवघड पाठ या रस्त्यावर मिळतो.

तयारी मात्र नीट हवी. बोझमनच्या विमानतळापासून गार्डिनर सुमारे १४० किलोमीटर. हिमासाठीचे टायर असलेली मोटार भाड्याने घ्यावी आणि इंधनाची टाकी गार्डिनरलाच भरून घ्यावी. पारा उणे वीसपर्यंत उतरणे येथे नवलाचे नाही. १९३३ साली उद्यानाच्या पश्चिम सीमेवर उणे ५४ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. कातडे आणि पक्ष्यांची पिसे वर्ज्य मानणाऱ्यांना कृत्रिम धाग्यांचे उबदार कपडे, हातमोजे व बूट सहज मिळतात. वाटेवरची बहुतेक उपाहारगृहे या ऋतूत बंद असतात. तेव्हा खाकरे, ठेपले, दशम्या, भाजके चणे आणि थर्मासमध्ये उकळलेले पाणी ही घरची शिदोरीच उपयोगी पडते. डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी त्याप्रमाणे वेळ बेतावी.

गार्डिनरच्या वेशीवर दगडी कमान उभी आहे. यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान १ मार्च १८७२ रोजी स्थापन झाले आणि या कमानीची कोनशिला १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बसविली. हे उद्यान लोकांच्या हितासाठी व आनंदासाठी आहे, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरलेले आहेत. आत आठ किलोमीटरवर मॅमथ येथे उष्ण झऱ्यांनी चुनखडीचे पांढरे टप्पे रचले आहेत. हिमातून वाफ उठत असते आणि तिच्या आडोशाला एल्क, म्हणजे सांबराच्या कुळातील थोराड हरणे, विसावलेली दिसतात. या उद्यानातील उष्ण पाण्यातही सूक्ष्म जीव सुखाने नांदतात. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाने येथील एका झऱ्यातून असाच जीवाणू शोधला. त्यापासून मिळालेल्या द्रव्याच्या आधारे पुढे पीसीआर चाचणी विकसित झाली. करोनाच्या काळात ती घराघरांत ठाऊक झाली.

मॅमथ सोडल्यावर रस्ता पठारावर चढतो. चहूकडे पांढरी शांतता पसरलेली असते. पण ती निर्जीव नसते. हिमाचा थर जमिनीवर रजईसारखे काम करतो. वर कडाका असला तरी तळाशी तापमान शून्याच्या आसपास टिकते आणि तेथे उंदीर बिळे-वाटा करून हिवाळा काढतात. वर उभे असलेले खोकड कान टवकारून त्यांची चाहूल घेते आणि उंच उडी मारून डोक्यावर हिमात घुसते. डोळ्यांना रिकामी दिसणारी भूमी जीवांनी भरलेली असते, हे जैन घरातील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. येथे ते प्रत्यक्ष दिसते.

टॉवर जंक्शननंतर लामार नदीचे रुंद खोरे उघडते. हे बायसनांचे घर. आपल्याकडील गव्याचा हा दूरचा भाऊबंद. खांद्यावरील वशिंडाच्या बळाने तो डोके दोन्ही बाजूंना हलवून हिम बाजूस सारतो आणि खालचे वाळके गवत खातो. त्याची लोकर इतकी दाट असते की पाठीवर पडलेले हिम अंगाच्या उबेने वितळत नाही. एके काळी या खंडावर कोट्यवधी बायसन होते. १९०२ च्या सुमारास यलोस्टोनमध्ये रानटी बायसन जेमतेम दोन डझन उरले. तेव्हा खासगी कळपांतून आणखी २१ जनावरे आणली गेली आणि लामार खोऱ्यात त्यांच्यासाठी गोठे व कुरणे उभी राहिली. त्या इमारती रस्त्याकडेला आजही आहेत. पांजरपोळ चालविणाऱ्या समाजाला त्या ओळखीच्या वाटाव्यात. इतक्या अल्प मुद्दलावर आज कळपांची संख्या काही हजारांवर गेली आहे. मात्र या जमाखर्चाला दुसरी बाजूही आहे. कडक हिवाळ्यात चाऱ्यासाठी सीमेबाहेर उतरणारे अनेक बायसन पाळीव गुरांना रोग होईल या भीतीने पकडून कत्तलीस पाठविले जातात, तर अनेकांची शिकार होते. काहींना निरोगी ठरल्यावर मूलनिवासी जमातींच्या भूमीवर जिवंत नेले जाते, एवढाच दिलासा.

याच खोऱ्यात पहाटे दुर्बिणी लावून माणसे लांडग्यांची वाट पाहत उभी असतात. मेंढपाळांचा व शिकारीच्या हरणांचा शत्रू म्हणून लांडगा येथून वेचून मारला गेला. १९२६ पर्यंत त्याचा निर्वंश झाला. पुढे एल्क वाढले, वाळुंजाच्या जातीची झुडपे व ॲस्पेनची रोपे खुरटली. अखेर १२ जानेवारी १९९५ रोजी कॅनडातून आणलेले पहिले लांडगे त्याच दगडी कमानीखालून आत आले. दोन हिवाळ्यांत एकूण ३१ लांडगे सोडण्यात आले. त्यानंतर एल्क कमी झाले आणि काही ठिकाणी झुडपे पुन्हा वाढली. याचे श्रेय एकट्या लांडग्याला द्यावे काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

दुर्बिणीतून कधी थकलेल्या एल्कमागे लागलेला लांडग्यांचा कळप दिसतो. अशा वेळी सोबतच्या मुलाने त्या हरणाला कोणी वाचवीत का नाही, असे विचारले तर वडीलधाऱ्यांजवळ सोपे उत्तर नसते. मंदिरातील चित्रात सिंह आणि गाय एकाच पात्रातून पाणी पितात. ते वीतरागाच्या सान्निध्यात घडते. लामारच्या खोऱ्यात तसे घडत नाही. तथापि १९२६ पर्यंत जे झाले ती माणसाची संकल्पी हिंसा होती, आणि लांडगा मारतो तो भुकेने. श्रावकाचे व्रत पहिलीला आवर घालते. दुसरीचा न्याय करण्याचा अधिकार ते देत नाही.

याहून अवघड आहे तो दयेचाच प्रश्न. पक्ष्यांना दाणे, मुंग्यांना साखर, गाईला घास हे जैन घरांतील नित्याचे पुण्य. येथे कोणत्याही प्राण्याला खाऊ घालणे हा गुन्हा आहे. पूर्वी प्रवासी अस्वलांना हाताने खाऊ घालीत. त्यामुळे अस्वले धीट झाली, माणसे जखमी झाली आणि शेवटी अस्वलेच मारली गेली. म्हणून बायसन व एल्कपासून किमान २३ मीटर, लांडगा व अस्वलापासून किमान ९१ मीटर दूर राहावे, असा नियम आहे. मे २०२३ मध्ये याच लामार नदीकाठी कळपामागे राहिलेले एक नवजात बायसन-पाडस एका प्रवाशाने हाताने ढकलून काठावर आणले. हेतू चांगलाच असावा. परंतु कळपाने पाडसाला परत स्वीकारले नाही. ते रस्त्यावर मोटारींमागे व माणसांमागे फिरू लागले आणि शेवटी उद्यानाच्या सेवकांनी ते मारले. त्या प्रवाशाला दंड झाला. पाडसाला मारण्याचा निर्णय जैन मनाला पटणे कठीण आहे. त्याला कोठे तरी आसरा मिळायला हवा होता, असेच वाटत राहते. पण ज्या हातांनी त्याला कळपापासून तोडले त्या हातांत दया होती, ज्ञान नव्हते. ज्ञानावाचून दया आंधळी, ही शिकवण जैन परंपरेला नवी नाही. ती हिमात किती काटेकोरपणे पाळावी लागते, हे लामार दाखविते.

परतीच्या वाटेवर पुष्कळदा बायसनांचा कळप रस्त्यावरच येतो. हिमात वाट काढण्यापेक्षा साफ केलेला रस्ता त्यांना सोपा पडतो. मोटारी थांबतात, कोणी भोंगा वाजवीत नाही. उन्हे डोंगरामागे जात असतात. गाडीतच शिदोरी सोडून दिवस मावळण्याआधीचे जेवण उरकावे, थर्मासमधील ऊन पाणी प्यावे आणि काचेपलीकडून ते हिमाच्छादित पाठींचे जीव संथपणे जाऊ द्यावेत. त्यांना द्यावे असे माणसाजवळ त्या क्षणी काहीच नसते. फक्त वाट सोडता येते. तेवढी सोडली तरी ते अभयदानच होय.